सल्ला : भावाची आठवण आणि बहिणीचा वाटा

पत्र : "माझे वय ५५ असून लग्न झाल्यापासून मी ठाण्यात राहते. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान असलेला माझा भाऊ गेल्या मार्गशीर्षात हृदयविकाराच्या झटक्याने गेला. सांगलीत त्याचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान होते. रात्री साडेनऊला शटर ओढले की घरी जाता जाता तो मला फोन करायचा आणि 'अक्का, जेवलीस का?' या प्रश्नापासून आमच्या गप्पा सुरू व्हायच्या. भाऊ तर तो होताच, पण मला त्याच्याइतका जवळचा मित्रही दुसरा कोणी नव्हता. भेटायला येणारे सगळे वहिनीची, आईची आणि भाच्याची चौकशी करतात आणि मला म्हणतात, आता तूच त्यांना धीर द्यायचा. मावा सोड म्हणून डॉक्टरांनी आणि मीही त्याला कितीदा बजावले होते. त्याने ऐकले नाही याचा मला अजून राग येतो, पण घरात तो विषय निघाला की वहिनी उठून आत जातात. दहाव्याच्या दिवशी एक अनोळखी शेतकरी आला आणि २०१९ च्या पुरानंतर उधारीवर भरून दिलेल्या मोटरीचे राहिलेले पैसे भाच्याच्या हातात ठेवून गेला. आम्हा कोणालाच त्याची कल्पना नव्हती. आता पहिली दिवाळी आणि पाठोपाठ वर्षश्राद्ध येत आहे. आईला गावच्या देवळात त्याच्या नावाची फरशी बसवायची आहे, भाच्याला श्राद्ध नको, रक्तदान शिबिर हवे आहे. मी काय करावे, आणि यात बोलण्याचा मला अधिकार तरी आहे का? कधीकधी मी अजून त्याच्या नंबरवर फोन लावते. हा वेडेपणा आहे का?"

उत्तर :

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकावे असे वाटते. हा वेडेपणा नाही. वर्षानुवर्षे रात्री साडेनऊच्या सुमारास ज्या फोनची वाट पाहिली, त्या वेळेला हात आपोआप फोनकडे जाणे ही सवय आहे, आणि ती इतक्या लवकर मोडावी अशी अपेक्षा करण्याचेही कारण नाही. त्या नंबरबद्दल काही व्यावहारिक गोष्टी मात्र सांगायला हव्यात, त्या पुढे येतील.

तुमचा खरा प्रश्न अधिकाराचा आहे आणि तो तुम्ही मनाने उभा केलेला नाही. आपल्या रीतीभातींनीच तो उभा केला आहे. भाऊ गेला तर लग्न झालेल्या बहिणीला पूर्ण दहा दिवसांचे सुतक नसते, ती "त्या घरची" झालेली असते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातही पत्नी, मुले आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस आहेत, बहिणीचे नाव त्यांच्यानंतरच्या वर्गात येते. वाटणीच्या दृष्टीने त्यात काही चूक आहे असे मला वाटत नाही, कारण नवऱ्याच्या माघारी घर चालवायचे असते ते वहिनींना. परंतु हाच क्रम दुःखालाही लावला जातो आणि बहिणीकडे दुःखाऐवजी जबाबदारी येते. भेटायला आलेली मंडळी तुम्हाला धीर देत नाहीत, तुमच्याकडून धीर मागतात. ज्या दुःखाला समाज जागा देत नाही त्याचा अभ्यास अमेरिकेत केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात केला. त्यांचे म्हणणे असे, की अशा दुःखात माणसाला दुहेरी ओझे वाहावे लागते. एक गेलेल्याचे, आणि दुसरे आपण रडत आहोत ते जास्त तर होत नाही ना, या संकोचाचे. तुमच्या पत्रात हे दुसरे ओझे मला पहिल्याइतकेच जड दिसले.

हा संकोच बाळगण्याची गरज नाही, याला आपल्याच परंपरेत फार मोठा दाखला आहे. शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. तो प्रसंग नामदेवांनी आपल्या अभंगांत सविस्तर सांगितला आहे, आणि त्या अभंगांत शोक करणारे आहेत ते भावंडे आणि मित्र. निवृत्तिनाथ थोरले बंधू, शिवाय गुरू. ज्यांनी ज्ञानदेवांना अध्यात्माची वाट दाखवली, त्यांनी तरी स्थिर राहावे अशी आपली अपेक्षा असते. नामदेव मात्र त्यांना मोकळेपणी शोक करताना दाखवतात, आणि आईबाप सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, असे त्यांच्या तोंडून वदवतात. लिहिणारे नामदेव स्वतः मित्र होते, आणि त्यांनीही आपले रडणे कुठे लपवले नाही. सातशेहून अधिक वर्षे वारकरी हे अभंग गात आले आहेत, आणि निवृत्तिनाथांनी आधी मुक्ताईला सावरायला हवे होते असे कोणी म्हटल्याचे माझ्या तरी कानावर नाही.

तेव्हा यापुढे कोणी "आता तूच खंबीर राहा" असे म्हणाले, तर त्यांना शांतपणे सांगा, "राहीन, पण माझाही भाऊ गेला आहे." एवढे वाक्य पुरेसे असते. बोलणारे बहुतेक लोक वाईट हेतूने बोलत नाहीत. त्यांना काय बोलावे ते सुचत नसते, आणि तुम्ही वाट दाखवली की ते त्या वाटेने येतात.

आता रागाविषयी. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा संकेत शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी ठीक आहे, सख्ख्या माणसांना तो जाचतो. तुमचा भाऊ मावा खात होता, डॉक्टरांनी बजावले होते, तुम्ही सांगितले होते, आणि तंबाखूमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो हे सगळ्यांना माहीत होते. राग न येता तरच नवल. परंतु वहिनी का उठून जातात याचाही विचार करा. त्या रोज त्याच्यासोबत होत्या. "तुम्ही थांबवले का नाही?" हा प्रश्न त्यांना कोणी उघडपणे विचारला नसेल, पण मावा हा शब्द निघाला की त्यांना तोच प्रश्न ऐकू येत असावा. म्हणून हा विषय चारचौघांत काढू नका. दोघीच असाल तेव्हा आधी स्वतःचे सांगा : "मीही त्याला फोनवर किती ओरडायचे, माझेही त्याने ऐकले नाही." त्यात आरोप नाही. त्यामुळे तुम्ही दोघी एकाच बाजूला येता. तरीही त्या बोलल्या नाहीत तर तो विषय त्यांच्यावर सोडून द्या आणि तुमचा राग दुसऱ्या कोणाजवळ, किंवा कागदावर, पूर्णपणे मोकळा करा. तो दाबून ठेवला तर होते काय, की हार घातलेल्या फोटोतला एक निर्दोष, हसरा गृहस्थ घरात उरतो आणि ज्याच्याशी तुम्ही भांडत होता तो भाऊ हळूहळू पुसला जातो. तुम्हाला आठवण हवी आहे ती दुसऱ्याची.

यासाठी मी तुम्हाला एक काम सुचवणार आहे, आणि माझ्या मते या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांत तेच महत्त्वाचे आहे. त्याच्याबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते लिहून काढा. तुमच्या भावाच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. जळालेली मोटर भरायला आली की कारागीर जुनी तार सरसकट ओढून काढत नाही. आधी तो आटे मोजतो, तारेचा गेज पाहतो, कनेक्शन कसे आहे ते वहीत टिपून ठेवतो, आणि मगच तार कापतो, कारण एकदा सगळे मोकळे केले की मूळची गुंडाळणी कशी होती ते सांगायला काही उरत नाही. तुम्ही आज नेमक्या त्या टप्प्यावर आहात. त्याच्या आठवणी अजून ताज्या आहेत, पण आणखी काही वर्षांनी "फार प्रेमळ होता, सगळ्यांना मदत करायचा" अशी चार सामान्य वाक्ये शिल्लक राहतील, जी कोणाच्याही शोकसभेत चालून जातात.

लिहिताना ही सामान्य वाक्ये मुद्दाम टाळा आणि बारीकसारीक गोष्टी घ्या. तो कोणत्या गोष्टीवर पटकन चिडायचा, खोटे बोलताना कसा ओळखू यायचा, शाळेत कोणाच्या हातचा मार खाल्ला, वडिलांना न सांगता पहिली कमाई कशावर उडवली, गणपतीत कोणती आरती नेहमी चुकीची म्हणायचा, दुकानातून आल्यावर हाताला येणारा वार्निशचा वास घालवायला काय लावायचा. तुमची भांडणेही लिहा, मावाही लिहा. भाषा चांगली हवी असे नाही, क्रमही हवा असे नाही. एक साधी दोनशे पानी वही घ्या, आठवेल तसे लिहा, आणि जमेल तिथे साल व जागा घाला. त्याच्या आयुष्यातली पहिली वीस-बावीस वर्षे आज आई आणि तुम्ही अशा दोघींनाच माहीत आहेत. वहिनींना तो नवरा म्हणून भेटला आणि भाच्याला बाप म्हणून. सायकलवरून पडून गुडघा फोडून घेणारा मुलगा त्यांनी पाहिलेलाच नाही. त्या मुलाबद्दल बोलण्याचा अधिकार तुम्हाला कोणी द्यावा लागत नाही, तो तुमच्याकडेच आहे. आईंचे वय पाहता त्यांच्याकडूनही लवकर विचारून घ्या, आणि त्या बोलत असताना फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.

आता त्या शेतकऱ्याकडे येऊ, कारण पत्र वाचताना मी सर्वांत जास्त वेळ तिथे थांबलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या किती शेतकऱ्यांच्या मोटरी चिखलाने भरल्या असतील आणि त्या वेळी त्यांच्या हातात किती रोकड असेल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येईल. त्या दिवसांत तुमच्या भावाने उधारीवर मोटरी भरून दिल्या आणि रोज रात्री तुमच्याशी बोलत असूनही तुम्हाला त्याची वाच्यता केली नाही. याचे वाईट वाटून घेऊ नका. त्याने तुमच्यापासून काही लपवले असा याचा अर्थ होत नाही. दुकानातला माणूस आणि अक्काला फोन करणारा माणूस यांचे विषय वेगळे होते, इतकेच. पण तुम्ही त्याला मित्र म्हणता, तर मित्राचे हे दुसरे जग पाहायला जायला हवे. वर्षश्राद्धासाठी सांगलीला जाल तेव्हा दोन दिवस जास्त काढा. शेजारच्या दुकानदाराला भेटा, त्याच्या हाताखाली काम शिकलेल्या मुलाला भेटा, तो ज्यांच्यासोबत चहाला जायचा त्यांना भेटा. पुरुषमंडळी घरी भेटायला आली की सतरंजीवर मान खाली घालून बसतात आणि पाच मिनिटांनी उठतात. तीच मंडळी चहाच्या टपरीवर तासभर बोलतात, आणि खळखळून हसतातही. त्यांनाही आपला मित्र गेल्याचे दुःख आहे, आणि त्यांना तर कोणी विचारलेलेसुद्धा नसते. दुकानातल्या उधारीच्या वहीत काय आहे ते वहिनींच्या परवानगीने पाहा. मात्र वही असो वा पक्कड, आठवण म्हणून काही घ्यायचे असेल तर वहिनींना विचारूनच घ्या. बहिणीने न विचारता नेलेली साधी वस्तूही पुढे घरात वादाचे कारण होते.

फरशी की शिबिर या वादात माझे मत थोडे वेगळे आहे. आई आणि नातू यांच्यात निवाडा करायला तुम्ही बसू नका, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. आईंनी मुलाला अग्नी दिलेला पाहिला आहे. देवळात पाय ठेवताना त्याचे नाव दिसावे या इच्छेला बुद्धिवादाने उत्तर देऊ नये, आणि फरशीला फार खर्चही येत नाही. वर्षश्राद्धाबाबतही भाच्याला एवढेच सांगा, की तुझा विश्वास नसेल तर तू विश्वास ठेवू नकोस, पण आजीसाठी तासभर पाटावर बस. शिबिरालाही माझा विरोध नाही. रक्तदान चांगलेच आहे, पण मोठा फ्लेक्स, पाहुण्यांचे सत्कार आणि भेटवस्तू यांत ज्याच्या नावाने ते होते तो बाजूला पडतो, हे आपण अनेकदा पाहतो. करायचेच असेल तर शासकीय किंवा मान्यताप्राप्त रक्तपेढीशी बोलून साधेपणाने करा.

याहून एक गोष्ट मला अधिक त्याची वाटते. सांगलीच्या आसपास आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड शिकणारी मुले असतात. प्रवेश मिळतो, पण स्वतःची हत्यारे घेताना घरच्यांची ओढाताण होते. दर वर्षी अशा एका मुलाला मल्टिमीटर, पक्कड, टेस्टर, पान्यांचा संच असे पूर्ण किट द्या. त्यासाठी ट्रस्ट काढण्याच्या भानगडीत पडू नका. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी केली की दर वर्षी हिशेब सादर करणे आले, आणि दहा वर्षांनी ते कोण करणार हे आज कोणी सांगू शकत नाही. तुम्ही आणि भाच्याने मिळून बँकेत लाखभराची ठेव ठेवली, तर सहा-साडेसहा टक्क्यांनी वर्षाला सहा हजारांच्या आसपास व्याज येते, आणि त्यात एका मुलाचे बऱ्यापैकी किट बसते. ते देताना भाच्याने स्वतः जावे, आणि त्याच्या वडिलांचे दुकान कुठे होते व ते कसे काम करायचे हे त्या मुलाला दोन मिनिटे सांगावे. उधारीवर मोटर भरून देणाऱ्या माणसाला हे आवडले असते असे तुमच्या पत्रावरून वाटते. अर्थात तुम्ही त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखता, तेव्हा निर्णय तुमचा.

दिवाळीबद्दल थोडक्यात. पहिली दिवाळी दुखवट्याची, त्यामुळे घरी फराळ होणार नाही, नातेवाईक आणून देतील. त्यात तुमचा डबा असू द्या. अवघड जाणार आहे ती भाऊबीज. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात ही जुनी रीत तुम्हाला ठाऊक असेलच. मन होत असेल तर तसे जरूर करा, पण लक्षात ठेवा की द्वितीयेची कोर फार बारीक असते आणि सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात मावळते. ठाण्यात इमारतींमधून ती दिसायची तर गच्चीवर वेळेत जायला हवे. मन होत नसेल तर काहीच केले नाही तरी चालते. भाच्याला मात्र भावाच्या जागी पाटावर बसवून ओवाळू नका, निदान या वर्षी तरी नको. लोक हे प्रेमाने सुचवतात, पण बाप गेलेल्या मुलाला बापाच्या जागी बसवले की त्याला स्वतःचे दुःख बाजूला ठेवून आत्याचे समाधान करावे लागते. त्याला आत्या म्हणून भेटा.

आणखी एक शंका तुम्हाला येत असावी, की हे सगळे करत राहिल्याने मी त्याच्यातच अडकून पडेन का? एके काळी मानसशास्त्रातही असे मानले जाई, की गेलेल्या माणसातून मन काढून घेणे हेच दुःख पचवण्याचे काम. फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये साधारण तसेच मांडले होते. पुढे त्यांची मुलगी सोफी १९२० मध्ये वारली, आणि १९२९ मध्ये एका स्नेह्याला पत्र लिहिताना त्यांनीच कबूल केले, की ती जागा कधी पूर्ण भरत नाही आणि तसे असणेच योग्य आहे. १९९० च्या दशकात डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी दाखवून दिले, की अनेक माणसे गेलेल्यांशी नाते तोडत नाहीत, ते वेगळ्या रूपात पुढे नेतात आणि तरीही नीट जगतात. श्राद्ध-पक्ष करणाऱ्या समाजाला यात नवे काही वाटणार नाही. तरीसुद्धा एक मर्यादा ओळखून ठेवा. बहुतेक दिवशी झोप नाही, घरातली नेहमीची कामे होत नाहीत, कशातच अर्थ वाटत नाही, किंवा आपणही नसावे असे विचार येतात, अशी अवस्था महिनोन्महिने टिकली तर ती वहीने किंवा भेटीगाठींनी सुटणारी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या अशा तीव्र शोकाला स्वतंत्र आजार मानले आहे, आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. आपणही नसावे असा विचार आला, तर मात्र महिने मोजत थांबू नका, त्याच दिवशी फोन करा. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या अवस्थेत आहात असे मला वाटत नाही, पण पत्रातून सगळे कळतेच असे नाही.

राहिला तो नंबर. रिचार्ज थांबला की कंपनी सिम बंद करते आणि काही महिन्यांनी तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणजे एखाद्या रात्री तुम्ही फोन लावाल आणि पलीकडून परका आवाज येईल. तो धक्का टाळायचा असेल तर नंबर अजून चालू आहे तोवर भाच्याने मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीच्या दुकानात जावे आणि तो स्वतःच्या नावावर करून घ्यावा. व्हॉट्सअॅपचे खाते साधारण १२० दिवस वापरात नसेल तर बंद होते. तुमच्या फोनमधले त्याचे संदेश त्यामुळे जात नाहीत, पण तुमचा फोन बिघडला आणि बॅकअप नसला तर जातील. त्याने पाठवलेले आवाजातले संदेश एकेक करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, आणि त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर भाच्याकडे द्या. त्याचे फोटो गूगलच्या खात्यात असतील तर तेही उतरवून घ्यायला सांगा, कारण दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकते. हे काम दिवाळीनंतर करू म्हणून ठेवू नका. ठाण्यात जवळपासच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत बसवा आणि या रविवारी उरकून टाका.